‘बाबा, पण हे गाणं तर नंतर आलं’

पत्र थोडक्यात: पन्नाशीला टेकलेले एक वाचक नाशिकहून लिहितात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.) १९९१ मध्ये ते दहावीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. गंगापूर रोडला बैठं घर, वर गच्ची. सहा वर्षांनी मोठा भाऊ रॉक संगीताचा वेडा, मुंबईच्या मित्रांकडून कॅसेटी भरून आणायचा. मेमधल्या एका रात्री दोघे गच्चीवर गाद्या टाकून पडले होते. वॉकमनच्या हेडफोनची पट्टी पिरगाळून एकेक कान वाटून घेतला होता, आणि दादाने त्यांना गन्स अँड रोझेसचं ‘नोव्हेंबर रेन’ ऐकवलं. ‘गाणं सुरू झालं की दादा शिट्टीवर त्याची चाल धरायचा,’ असं ते लिहितात. मध्येच वळवाचा पाऊस आला. गाद्या गोळा करून दोघे जिन्यात पळाले, तरी एक गादी भिजलीच. त्यानंतर तीनेक आठवड्यांत, जूनमध्ये, दादा अपघातात गेला. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांकडे केबलवर त्या गाण्याचा व्हिडिओ लागला तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला: हेच ते!

तेव्हापासून त्या घरात ते ‘दादाचं गाणं’. दरवर्षी तिथीला संध्याकाळी ते लावलं जातं. आईही येऊन बसते. २०२५ च्या मेमध्ये हा बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आला तेव्हा वाचक आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. परतताना कसारा घाटात त्यांनी पुन्हा ती गोष्ट सांगितली. मुलीने फोनवर पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबा, पण हे गाणं तर सप्टेंबरमध्ये आलं. काका जूनमध्ये गेले ना?’ ते तिच्यावर खेकसले. त्यानंतर दोघांपैकी कुणी हा विषय काढलेला नाही. त्या वर्षीच्या तिथीला तब्येतीचं निमित्त करून त्यांनी गाणं लावलं नाही. आता पुन्हा तिथी जवळ आली आहे आणि आई विचारते आहे, ‘यंदा तरी लावणार ना?’ वाचक विचारतात: मी इतकी वर्षं खोटं सांगत होतो का? आईला खरं सांगू का? आणि हे एक खोटं निघालं, तर दादाच्या बाकीच्या आठवणींवर कशाच्या जोरावर विश्वास ठेवू?

*

नमस्कार,

तारखेपासूनच सुरुवात करते, कारण तिथे मला तुमची बाजू घेता येणार नाही. ‘नोव्हेंबर रेन’ ज्या ‘यूज युअर इल्युजन’च्या पहिल्या भागात आहे, तो अल्बम १७ सप्टेंबर १९९१ ला बाजारात आला. सिंगल म्हणून, म्हणजे सुटं एकटं, गाणं १९९२ मध्ये निघालं आणि व्हिडिओही १९९२ चाच. तुमची मुलगी बरोबर आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक पळवाट शोधली आहे. बँडने हे गाणं १९८६ मध्येच पियानोवर ध्वनिमुद्रित केलं होतं, तेव्हा एखादी चोरटी टेप दादाच्या मित्रांपर्यंत आली असेल तर? ते ध्वनिमुद्रण झालं होतं हे खरं. अधिकृतपणे ते लोकांपुढे आलं २०१८ मध्ये. अशा कच्च्या टेपा चाहत्यांमध्ये हातोहात फिरायच्या, हेही मान्य. पण त्यातली एक लॉस एंजेलिसहून निघाली आणि १९९१ च्या उन्हाळ्यात गंगापूर रोडच्या गच्चीवर पोहोचली, एवढ्या योगायोगावर तुम्ही भावाची आठवण टांगून ठेवू नये. शिवाय त्याची गरजही नाही, असं तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर माझं मत झालं आहे.

तुम्ही लिहिता, ‘गाणं खोटं ठरलं म्हणजे ती रात्रच खोटी ठरली.’ हे कुणी ठरवलं? मुलीने नाही. ती फक्त गाण्याबद्दल बोलली. गाण्यावरून थेट रात्रीवर, रात्रीवरून दादावर, आणि दादावरून स्वतःच्या खरेपणावर उडी तुम्ही मारलीत, तीही कसारा घाट संपायच्या आत.

एक खरी घडलेली हकिगत सांगते. अमेरिकेत उल्रिक नायसर नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. स्मृती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. ती बातमी आपल्याला कशी कळली हे त्यांना लख्ख आठवायचं. घरात बसून रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, मध्येच सामना थांबवून हल्ल्याची बातमी दिली, आणि आपण धावत जिना चढून आईला सांगायला गेलो. कित्येक वर्षं त्यांनी ही आठवण बिनतक्रार बाळगली. मग केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं की अमेरिकेत डिसेंबरच्या थंडीत बेसबॉलचे सामने होतच नाहीत! १९८२ मध्ये त्यांनी हे स्वतःच लिहून टाकलं, ठाम आठवणीसुद्धा कशा फसवतात याचा दाखला म्हणून.

एवढीच गोष्ट असती तर मी ती तुम्हाला मुद्दाम सांगितली नसती, तुमच्या जखमेवर मीठच ते. पण १९८६ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की त्या दिवशी रेडिओवर खरोखरच एका सामन्याचं वर्णन चालू होतं आणि ते बातमीसाठी खरोखरच थांबवलं गेलं होतं. तो सामना होता अमेरिकन फुटबॉलचा. संघ कोणते? न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स. आणि त्या काळी नेमक्या याच नावांचे बेसबॉलचेही संघ न्यूयॉर्कमध्ये होते, फुटबॉलवाल्यांपेक्षा कितीतरी प्रसिद्ध. म्हणजे रेडिओ खरा, सामना खरा, मध्येच आलेली बातमी खरी. फक्त खेळ बदलला होता, आणि तो का बदलला तेही समजण्यासारखं होतं.

आता तुमच्या पत्राकडे वळू. त्यातली एक ओळ मी पेन्सिलने अधोरेखित करून ठेवली आहे: शिट्टीची.

‘नोव्हेंबर रेन’ पियानोने सुरू होतं. त्यात शिट्टी नाही. त्याची चाल कुणी शिट्टीवर धरू शकणार नाही असं नाही, हौशी माणूस कशावरही शिट्टी वाजवतो. पण आज रात्री जेवणं झाली की याच बँडचं ‘पेशन्स’ ऐका. सुरुवातीला ताल मोजणारे आकडे, मग अकूस्टिक गिटार, आणि लगेच शिट्टी. त्या गाण्यात ड्रम नाहीतच. ते १९८८ च्या अखेरीस निघालेल्या रेकॉर्डवर आहे आणि सिंगल म्हणून १९८९ मध्ये आलं, म्हणजे १९९१ च्या मेपर्यंत मुंबईतल्या कॉलेजच्या पोरांकडे त्याच्या कॅसेटी झिजल्या असतील. दुसरं ‘सिव्हिल वॉर’. ते पुढे ‘यूज युअर इल्युजन’च्या दुसऱ्या भागात आलं खरं, पण त्याआधी १९९० मध्येच एका मदतनिधीच्या अल्बमवर निघालं होतं. त्यातही शिट्टी आहे. मात्र त्याच्या सुरुवातीला एका माणसाचं बोलणं ऐकू येतं, चित्रपटातून उचललेलं. असं काही बोलणं त्या रात्री कानात पडल्याचं आठवतं का? माझा स्वतःचा कल ‘पेशन्स’कडे आहे. पण मी गच्चीवर नव्हते, आणि तुम्ही माझ्या शब्दाखातर एक गाणं काढून दुसरं बसवलंत तर पुन्हा तोच घोळ होईल, म्हणून हा फक्त माग समजा.

मग त्या गाण्याच्या जागी ‘नोव्हेंबर रेन’ आलं कुठून? मला वाटतं, तेही तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही केबलवर पाहिलेला तो व्हिडिओ आठवा. चर्चमधलं लग्न, मग बाहेर मेजवानी. अचानक पाऊस कोसळतो. पाहुणे सैरावैरा पळतात, एक जण तर केकवरच उडी घेतो. आणि पुढे त्याच नवरीची अंत्ययात्रा. पावसात पळापळ, आणि तिच्यामागोमाग मृत्यू. वर्षभरापूर्वी ज्याने भावाबरोबर पावसात गाद्या ओढत जिना गाठला होता आणि तीन आठवड्यांनी त्याच भावाला पोचवून आला होता, त्या सोळा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्यांच्या सोफ्याच्या कडेला बसून हे पाहिलं. ‘हे मी आधी अनुभवलंय’ असं त्याला वाटलं नसतं तरच नवल. अनुभवलं होतंच. बँड तोच, आवाज तोच, पाऊस तोच, नावातसुद्धा पाऊस. त्या संध्याकाळी कधीतरी ‘अनुभवलंय’चं ‘ऐकलंय’ झालं असावं.

तुम्ही स्वतःला वर टोचून घेता की ‘इतका चाहता म्हणवतो आणि ही तारीख कशी माहीत नव्हती?’ माहीत होतीच की. अल्बम १९९१ चा हे तुम्हाला तोंडपाठ असणार. दादा १९९१ ला गेला हेही. दोन्हीकडे साल एकच असल्यामुळे महिना तपासावा असं कधी वाटलंच नाही. घरातल्या तारखा आणि बाहेरच्या तारखा माणूस शेजारी शेजारी ठेवून पाहत नाही, त्याला कुणीतरी तिऱ्हाईत लागतं. इथे ते काम एकोणीस वर्षांच्या पोरीने केलं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तुम्ही खोटं सांगत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. तुमच्याकडे दुसरं खरं नव्हतंच. आठवण म्हणजे एकदा भरून कपाटात ठेवलेली कॅसेट, हे आपण सगळेच धरून चालतो. प्रत्यक्षात ती दरवेळी वाजवताना थोडीशी नव्याने भरली जाते, आणि तुम्ही ही तीस-बत्तीस वर्षं, दर तिथीला, माणसांसमोर वाजवली आहे. तुम्ही म्हणता, ‘पण मला तो क्षण आत्ता डोळ्यांसमोर दिसतो.’ दिसत असणार. दिसणं हा पुरावा नव्हे, एवढंच. याच नायसर यांनी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ हे अमेरिकेचं अवकाशयान उड्डाणानंतर हवेतच फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली. काही वर्षांनी त्यांतल्या बऱ्याच जणांना पुन्हा तेच विचारलं. अनेकांनी भलतंच सांगितलं, तेही छातीठोकपणे. ती तरणी पोरं होती, आणि ती बातमी त्यांच्या स्वतःच्या भावाची नव्हती.

इथे एक कडू शक्यताही बोलून टाकते, कारण ती तुमच्या मनात येऊन गेली असणार. कदाचित ‘नोव्हेंबर रेन’ तुम्ही पहिल्यांदा एकट्याने ऐकलं असेल. दादा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, त्याच वॉकमनवर, त्याच गच्चीवर, दोन्ही कान स्वतःला लावून. आणि तो दुसरा कान पुढे मनाने दादाला देऊन टाकला असेल. असं झालं असेल की नाही, मला माहीत नाही. झालं असेल तर त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. सोळाव्या वर्षी भाऊ गेलेला मुलगा घरात कुणापुढे रडला होता का, हे मात्र विचारावंसं वाटतं. तुमच्या पत्रात आई-वडिलांच्या रडण्याचा उल्लेख आहे, तुमच्या नाही.

आणखी एक. पत्रात गाण्याबद्दल भरभरून आहे. नऊ मिनिटांत कुठे ऑर्केस्ट्रा शिरतो, गिटारवादक स्लॅशचा कुठला सोलो कुठे उचलतो, सगळं. दादाबद्दल जेमतेम चार ओळी. तो काय शिकत होता? कुणाशी भांडायचा? मिसळ कुठली आवडायची? सायकल होती की लूना? इतक्या वर्षांत दादाबद्दल बोलायची वेळ आली की तुम्ही गाणं लावलंत, आणि गाण्याने ते काम इतकं चोख केलं की बाकीचं बोलायचं राहून गेलं. म्हणून तर एक तारीख हलली आणि सगळंच हललं असं वाटतं. तुम्ही विचारता, बाकीच्या आठवणींवर विश्वास ठेवू का. मला त्याआधी जाणून घ्यायचंय, बाकीच्या आठवणी कोणत्या? त्या लिहून काढा. आजच्या आज नव्हे, पण तिथीच्या आधी. सुसंगत असण्याची गरज नाही. ‘बहुतेक’, ‘नक्की नाही’ असे शेरे मारायलाही हरकत नाही. त्या भिजलेल्या गादीसारख्या गोष्टी लिहा. शोभेसाठी भिजलेली गादी कुणी आठवणीत घालत नाही, म्हणून मला ती खरी वाटते.

आता मुलगी. तुमच्या पत्रात ती तिसऱ्या पानावर येते, माझ्या दृष्टीने तिचा नंबर पहिला आहे.

‘जाऊ द्या हो, भावना तर खरी आहे ना, विषय मिटवा’ असं तुम्हाला कुणीही म्हणेल. मी म्हणणार नाही. विषय मिटवला तर तिच्या बाजूने काय उरतं? आपण एक साधी तारीख सांगितली आणि बाबांनी गाणंच बंद केलं. गेल्या वर्षीच्या तिथीला घरात गाणं वाजलं नाही, ते आपल्यामुळे, हे तिला कळत नसेल असं समजू नका. तब्येतीचं निमित्त आईला पटलं असेल, तिला नाही. काकाला तिने कधी पाहिलेलं नाही. त्याच्याबद्दल तिच्याकडे जे आहे ते त्या गाण्यातून आलेलं, आणि त्याचीच वाट तिच्या हातून बंद झाली असं तिला वाटत असेल, तर ते ओझं तुम्हीच उतरवायला हवं. लांबण लावू नका. ‘तू बरोबर होतीस. मला ते सहन झालं नाही म्हणून तुझ्यावर ओरडलो. आता मला शोधायचंय की काका नक्की काय ऐकवत होता, मदत करशील का?’ एवढं पुरे. चहा घेताना सांगा, समोरासमोर बसवून नको. ज्या पोरीने दोन तारखा दोन मिनिटांत शेजारी ठेवल्या, तिला तपासाचं काम आवडेल असा माझा अंदाज आहे.

तपासाची सुरुवात माळ्यावरून करा. दादाच्या कॅसेटींची पत्र्याची पेटी इतकी वर्षं कुणी उघडलेली नाही असं तुम्ही ओझरतं लिहून गेला आहात. मला तर ते वाचून खुर्चीतून उठावंसं वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तुमच्याच घरात, जेमतेम दहा फुटांवर पडलेलं आहे आणि तुम्ही मला पत्र लिहिताय! अर्थात, ती पेटी का उघडली गेली नसेल हे समजतं. म्हणूनच एकट्याने उघडू नका.

उघडल्यावर लगेच काही वाजवूही नका. आधी कव्हरातले कागद पाहा. भरलेल्या कॅसेटींवर लोक गाण्यांची यादी बॉलपेनने लिहायचे, एका बाजूला ‘ए’, दुसऱ्या बाजूला ‘बी’, आणि जागा अपुरी पडली की शेवटची दोन नावं समासात आडवी. अक्षर दादाचं आहे की मित्राचं ते तुम्हाला ओळखता येईल. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा. मग टेपकडे वळा. नाशिकच्या तीसेक पावसाळ्यांनी टेपवर पांढरी बुरशी धरली असू शकते. खिडकीतून उजेडात धरून बघा, रिळाच्या कडेला पांढरट डाग दिसले तर ती घरी वाजवायची नाही, जुन्या टेप डिजिटल करून देणाऱ्या माणसाकडेच न्यायची. टेप स्वच्छ दिसली तरी खालच्या मधल्या खाचेत तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा जो छोटा तुकडा असतो तो जागेवर आहे का पाहा, गोंद सुकून तो बहुधा निखळलेला असतो. पेन्सिल घालून हाताने थोडी पुढेमागे फिरवा, चिकटली असेल तर ओढू नका. वरच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या मोडलेल्या नसतील तर आधी त्या मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. आणि माळ्यावरच्याच जुन्या टू-इन-वनमध्ये घालू नका, रबर सैल झालेलं ते यंत्र टेप खाईल. एकदा मोबाइलमध्ये उतरवून घेतली की मग पाहिजे तितक्या वेळा ऐका. कुठल्या कॅसेटच्या शेवटी दादाचा स्वतःचा आवाज निघण्याचीही शक्यता आहे. तेव्हाची मुलं माइक जोडून काहीबाही भरून ठेवायची. त्याची मनाशी तयारी ठेवा, आणि पहिल्यांदा आईला शेजारी बसवून ऐकू नका.

पेटीत काहीच मिळालं नाही, तर? मिळणार नाही असंही होऊ शकतं. कॅसेट मित्राची असेल, परत गेली असेल, कुणीतरी वरून भजनं भरली असतील. तेव्हा ‘बहुधा पेशन्स, नक्की माहीत नाही’ एवढ्यावर थांबायला लागेल. थांबता येतं.

आईचं. तुम्ही गृहीत धरलंय की खरं कळलं तर त्या कोसळतील. मला तसं वाटत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला बँडचं नाव, अल्बमची तारीख यांच्याशी काय देणंघेणं? त्यांच्या दृष्टीने ‘दादाचं गाणं’ म्हणजे धाकटा मुलगा वर्षातून एकदा थोरल्यासाठी जे लावतो ते. म्हणून त्यांच्यापुढे अपराध्यासारखे कबुलीजबाब द्यायला जाऊ नका, त्याने त्या घाबरतील मात्र. उलट त्यांना विचारा: ‘त्या वर्षी मेमध्ये पाऊस आला, गादी भिजली होती, आठवतं?’ आणि गप्प बसा. कदाचित त्यांना गादी आठवेल, उन्हात वाळत घातलेली, त्यावरून दोघांना दिलेल्या शिव्याही. कदाचित काहीच आठवणार नाही. त्यांनी सरळ विचारलं की गेल्या वर्षी का लावलं नाहीस, तर सरळ सांगा की मी गाण्यात घोटाळा केला होता असं कळलं आणि मला वाईट वाटलं. लपवायचं काही नाही, फक्त समारंभ करायचा नाही.

यंदा कुठलं गाणं लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर ‘नोव्हेंबर रेन’ काढून टाकायचं कारण मला दिसत नाही. १९९१ च्या मेमध्ये ते गच्चीवर नसेल, पण त्यानंतर इतक्या तिथींना ते तुमच्या घरात होतं, आणि त्या संध्याकाळी कुणाला कुठल्या वेबसाइटवर तपासायची गरज नाही. आईंनी मागितलंय, तर लावा. फक्त ‘हे दादाने मला ऐकवलं’ हे वाक्य गाळा. त्या जागी गादीची गोष्ट सांगा.

झोप लागत नाही आणि दिवसभर जुन्या आठवणी उकरून तपासत राहतो, असं तुम्ही म्हणालात. मुलीशी बोलणं झाल्यावर, पेटी उघडल्यावर हे ओसरायला हवं. दोन-तीन आठवड्यांत ओसरलं नाही, कामावर लक्ष लागेना, तर समुपदेशकाकडे जा. सुरुवात म्हणून सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन आहे, १४४१६ वर, फुकट, मराठीतही बोलता येतं. तीस वर्षांपूर्वीच्या दुःखासाठी आता कसं जायचं, असा संकोच नको. त्यांना असे फोन नवे नसतात.

घरोघरी अशा गोष्टी असतात म्हणून बाकीच्या वाचकांसाठीही दोन शब्द. जुन्या आठवणीवरून घरात दोन मतं पडली की पंचायत बसवू नका. एकाने ठासून सांगितलं की बाकीच्यांना तसंच आठवायला लागतं. ज्याने त्याने आधी स्वतःचं लिहावं, मग एकमेकांना दाखवावं. साल आठवत नसेल तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेशी लावून पाहा: राजीव गांधींच्या हत्येच्या, म्हणजे २१ मे १९९१ च्या, आधी की नंतर? किल्लारीच्या भूकंपाच्या, ३० सप्टेंबर १९९३ च्या, आधी की नंतर? नाशिककरांना सिंहस्थ आहेच. १९९१-९२ चा, २००३-०४ चा की २०१५-१६ चा, एवढं कळलं तरी निम्मं काम होतं. गुणपत्रिका, फोटोंच्या मागच्या तारखा, दुकानाच्या पावत्या यांना आपल्या भावनांशी काही देणंघेणं नसतं, म्हणून त्यांचं आधी ऐकावं. आणि घरातल्या तरुण पोरांनी फोन बघून वडीलधाऱ्यांना चूक दाखवली तर ऐकून घ्यावं. पोरांनीही एवढं बघावं की माणूस तारीख सांगतोय की दुसरंच काही.

तुमच्यासाठी एकच काम राहिलं. दादाच्या मुंबईच्या त्या मित्रांपैकी एकाचा नंबर अजून तुमच्याकडे आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथीची वाट न बघता त्यांना फोन करा. गाण्याचं नाव तुमच्या तोंडून निघू देऊ नका, ‘पेशन्स’ही नको, नाहीतर ते भिडेखातर हो म्हणतील. ‘तो त्या उन्हाळ्यात काय ऐकायचा?’ एवढंच विचारा, आणि ते बोलायला लागले की मुलीला लिहून घ्यायला सांगा.